पचारे भाऊंचा शेवटचा अर्ज

भूतप्रेत, अंगात येणं, उतारे... या सगळ्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा. बल्लारपूरला माझं कंप्युटर असेंबल करायचं दुकान होतं, अजूनही आहे. यंत्रात करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं — हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की बायको म्हणते, दुकानाच्या पाटीवरच लिहून टाका. या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर मनातल्या मनात भरपूर टिंगल केली आहे. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा. पण जे घडलं ते भर दिवसा, साडेदहा ते बाराच्या दरम्यान, तीन माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्यातला एक मी होतो.

गोष्ट २००३ सालची, राजुऱ्याची.

राजुऱ्याला तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली पचारे भाऊ टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्जनवीस. म्हणजे लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे. समाजाने ढिवर, वाडवडील नदीवर जाळं टाकणारे, पण भाऊंची बोटं टाइपरायटरवर जी चालायची ती बघायला लोक उभे राहायचे. २००१ मध्ये त्यांनी माझ्याकडून घरी एक असेंबल्ड कंप्युटर नेला. दिवसभर कचेरीबाहेर आणि संध्याकाळी घरी, असं काम सुरू झालं.

आणि तिथेच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. महिन्याभरात भाऊंचा फोन. "संजू, हे मशीन लयच स्लो चालून राह्यलं बाबा. मी चार ओळी टाइप करतो न हात मांडीवर ठेवून बसतो. मग ते एकेक अक्षर दाखवत बसते. चहा पिऊन होते माह्या तवपर्यंत!"

मी हसायचो. "भाऊ, तुम्हीच फास्ट आहा. यंत्राले दम लागते."

दर दोन महिन्यांनी फोन यायचा आणि दर वेळी मी "येतो उद्या" म्हणायचो. बल्लारपूर-राजुरा मोटरसायकलने अर्धा तास. त्या दोन वर्षांत मी एकदाही गेलो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

२००३ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाऊ गेले. हार्ट अटॅक. कंप्युटरपुढच्या खुर्चीतच.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला. "दादा, बाबाचा कंप्युटर सुरूच होऊन नाई राह्यला नीट. लय जरुरी आहे. तुमी येता का?"

या वेळी मी "उद्या" म्हटलं नाही. गाडीला किक मारली आणि निघालो.

घरी गेल्यावर कळलं की प्रकरण साधं नाही. वैशालीचा नागपूरला मेडिकलला नंबर लागला होता. घराण्यातली पहिलीच. पण ॲडमिशन कच्ची, कारण जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी व्हायची होती, आणि त्यासाठी आजोबांच्या काळातला शाळेचा जुना पुरावा पाहिजे होता. राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या जुन्या शाळेचं उर्दूतलं रजिस्टर पुरात कधीच गेलं होतं. भाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची हीच कागदपत्रं टाइप केली, कोणाला कुठला पुरावा चालतो ते त्यांना तोंडपाठ, आणि स्वतःच्या पोरीसाठी त्यांना कागदाचा एक चिटोरा सापडत नव्हता! तीन महिने गावोगाव फिरले.

"त्या दिवशी कुठून तरी आले," भाऊंची बायको, सुमनबाई सांगत होत्या. "मले म्हणे, सुमन, शाळा भेटली. वैशूचं काम झालं समज. म्या म्हटलं, आधी जेवून तं घ्या. तं म्हणे, नाई, आधी टाइप करून ठेवतो. बसले. अर्धा घंटा खटखट आवाज येऊन राह्यला होता, न मग बंदच झाला."

कुठली शाळा, कुठलं गाव, काही सांगितलं नव्हतं. पिशवीत छत्री आणि चुन्याची डबी, बस्स. अर्जनवीस माणूस, डोक्यातून थेट बोटांत, कागदावर टिपून ठेवायची सवयच नाही. नातेवाइकांना विचारून झालं होतं. आजोबा लहानपणी एक वर्ष मामाच्या गावाला शिकले होते एवढंच एका म्हाताऱ्याला आठवत होतं, पण तो मामा कुठला हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. कागदपत्रं द्यायला आठ दिवस राहिले होते. सगळ्यांची आशा त्या कंप्युटरवर.

मी कामाला लागलो. आणि हो, कंप्युटर सुरू व्हायलाच चाळीस मिनिटं लागली! मागची बाजू फिरवून पाहिली तर मला हसावं की रडावं कळेना. दसऱ्याला यंत्राची पूजा करतात, ते ठीक. पण इथे रोजची पूजा चालायची, आणि अगरबत्ती खोचायला पंख्याच्या जाळीची भोकं अगदी बरोबर मापाची! आत दोन वर्षांची राख, हळद, कुंकू. पंखा जाम. प्रोसेसर तव्यासारखा तापलेला.

"बाई, हे काय करून ठेवलं?"

"अगा, टाइपरायटरले बी असंच करत होतो न आमी. वीस वर्षं चालला तो."

ब्रशने, ब्लोअरने सगळं साफ केलं. मनात म्हटलं, सापडला आजार. चालू केला... तसाच हळू. माउस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. हार्ड डिस्क तपासली तर जागोजागी खराब. भाऊंच्या फाइल शोधल्या, एकही नाही. एकही! कारण वैशालीने सांगितलं ते असं की बाबा सेव्ह कधी करायचेच नाहीत. टाइप करायचं, प्रिंट काढायची, बंद करायचं. टाइपरायटरवाल्या माणसाला कागद बाहेर आला की काम संपलं. त्या दिवशी कागद बाहेर आला नव्हता, आणि भाऊंना जीपमध्ये घालून चंद्रपूरला नेलं तेव्हा मागे घरात वीजही गेली होती. स्क्रीनवर जे होतं ते गेलं. तात्पुरत्या फाइलींचा कानाकोपरा धुंडाळला. काही नाही.

वैशालीला सांगितलं. ती रडली नाही. "बरं दादा," म्हणाली, "निदान मशीन तं चांगलं करून द्या. बाबाची टायपिंगची कामं मी करीन." म्हणजे पोरीने मेडिकल मनातून सोडलं होतं.

मला काही तरी करायलाच हवं होतं. मी कंप्युटर दुकानात आणला. जुनी डिस्क काढली, सीलबंद पाकिटातली नवी घातली. रॅम बदलली. सगळं नव्याने टाकलं. दुकानात तो अक्षरशः पळत होता. हे सगळे नवे भाग मी स्वतःच्या हातांनी बसवले आहेत, हे लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी, सकाळी दहाला, सीपीयू मोटरसायकलला बांधून पुन्हा राजुऱ्याला. बाई स्वयंपाकघरात, वैशाली माझ्या शेजारी. मॉनिटर जोडला, माउस जोडला. कीबोर्डची पिन मी नेहमी शेवटी लावतो, कारण तिच्या बारीक काड्या घाईत वाकतात. तो दिवाणावर पडला होता, वायर खाली लोंबत. चालू केला.

आणि पुन्हा हळू!

मी बघतच राहिलो. नवी डिस्क, नवी रॅम, पंखा गरगर फिरतोय, व्होल्टेज मीटरने मोजलं तर ठीक. पण बाण दोन सेकंदांनी हलतोय. माउसनेच कसंबसं नोटपॅड उघडलं, म्हटलं बघू. पांढरी खिडकी आली. कर्सर लुकलुकायला लागला.

आणि तिथे एक अक्षर उमटलं. इंग्रजी एक्स.

मी माउसला हातसुद्धा लावला नव्हता. पाच-सात सेकंद गेले. के. मग ए. मग ओ.

"दादा, तुमी करून राह्यले का?"

"नाही गं."

मी दिवाणाकडे पाहिलं. कीबोर्ड तिथेच होता. वायरचं टोक मोकळं. मी ते उचलून हातात घेतलं, खात्री करायला... आणि स्क्रीनवर पुढचं अक्षर पडलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. पण डोकं चालूच होतं. व्हायरस! पण कुठून येणार? इंटरनेटची तार नाही, फ्लॉपी नाही, डिस्क काल पाकिटातून काढलेली. आय, के, जे, मोठा एम, एच... अर्थ ना बुड. हा कचरा वाढत जाणार, असं म्हणून मी बटणाकडे हात नेला.

"थांबा!" वैशालीने माझं मनगट धरलं. "दादा, हे कचरा नाई. हे बाबाचं टायपिंग आहे."

तेव्हाची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी कंप्युटरवर मराठी म्हणजे नुसता फॉन्ट असायचा. बटणं इंग्रजीच, पण बोटं मराठी टाइपरायटरसारखी चालवायची, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप द्यायचा. मी नव्या डिस्कवर तो फॉन्ट टाकलाच नव्हता. त्यामुळे जे काही येत होतं ते इंग्रजी अक्षरांत येत होतं. मला टायपिंग येत नाही. वैशालीला मात्र भाऊंनी डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवलं होतं.

तिने तो न जोडलेला कीबोर्ड मांडीवर घेतला. स्क्रीनवर जे अक्षर आलं ते बटण शोधायची, त्यावर बोट ठेवायची, आणि बोटाला जे आठवेल ते बोलायची. एक्सवर बोट ठेवलं: "ग." के: "काना." ए: "अनुस्वार." ओ: "व." तिने माझ्याकडे पाहिलं. "गांव. बाबा गांववर अनुस्वार द्यायचेच, जुन्या पद्धतीनं."

मी भिंतीवरचं कॅलेंडर ओढून काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूवर लिहायला लागलो. बाई हातात उलथणं घेऊन दारात उभ्या होत्या. पोळी करपल्याचा वास येत होता, कोणाचं लक्ष नव्हतं.

"प... र... पारडी! गांव पारडी!"

अहो काय सांगू! तालुका चामोर्शी. जिल्हा चांदा, म्हणजे जुना चंद्रपूर, आताचा गडचिरोली. अक्षरं सारख्या अंतराने येत नव्हती. चार-पाच भराभर, मग थांबा, मग पुन्हा भराभर. ओळ संपली की जरा जास्त थांबा. बाई पुटपुटल्या, "असंच वाजत होतं त्याईचं. बिलकुल असंच." आवाज कसलाच नव्हता, पण त्यांना तो ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

माझी भीती कुठल्या कुठे पळाली होती. शाळेत शेवटच्या ओव्हरला जसं व्हायचं तसं झालं होतं मला. कारण एक भानगड होती... बारा वाजता लोडशेडिंग! रोज बारा ते चार. वीज आमच्या जिल्ह्यात तयार व्हायची आणि दुपारी आमच्याच घरातून जायची. घड्याळात पावणेबारा. यूपीएस नाही, आणि सेव्ह करावं तर माउस आता अजिबात हलत नव्हता.

"अर्जदाराचे आजोबा नामे... गणपत... वल्द सोमा पचारे..." वैशाली एकेका बटणावर बोट ठेवत वाचत होती. "हे मामाचे घरी राहून... इयत्ता पहिली... जात ढिवर... अशी नोंद..."

बाराला पाच कमी.

"चाल न गा, चाल लवकर!" बाई चक्क स्क्रीनला म्हणाल्या. डोळ्यांतून धार लागली होती.

"दाखल... क्र... क्रमांक..."

मग बराच वेळ काहीच नाही. कर्सर लुकलुकतोय. आकडे मात्र आकड्यांसारखेच आले, ते मलाही वाचता आले. एक. आठ. सात.

आणि वीज गेली.

मग वैशाली आईच्या गळ्यात पडली आणि दोघी मोठ्याने रडल्या. मी कॅलेंडर छातीशी धरून अंगणात जाऊन उभा राहिलो. एकशे सत्याऐंशी पूर्ण होतं की पुढे आणखी एक आकडा यायचा होता, कोणास ठाऊक.

चार वाजता वीज आली. यंत्र दीड मिनिटात सुरू झालं, नोटपॅड कोरं. त्यानंतर ते कधीच हळू चालल्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पावसाने वर्धा चढली होती, राजुऱ्याच्या पुलाला पाणी टेकायला आलं होतं. आमची बस गेली आणि मागे पूल बंद झाला असं नंतर कळलं. बल्लारपूर, गोंडपिपरी, वैनगंगा ओलांडून आष्टी, आणि पुढे चिखलातून तासभर चालत पारडी. रस्ताभर मी माझं डोकं लढवत होतो, आणि मी एक उत्तर तयार केलंही होतं. मदरबोर्ड जुनाच होता ना? भाऊंनी त्या दिवशी जे टाइप केलं त्याची अक्षरं त्याच्या कुठल्या तरी चिपमध्ये अडकून राहिली असतील. कीबोर्डची अक्षरं यंत्रात रांगेत थांबतात हे खरंच आहे. फक्त ती रांग दहा-पंधरा अक्षरांची असते, आणि वीज गेली की पुसली जाते... पण तेवढ्याकडे काणाडोळा केला की माझं मन शांत होत होतं.

शाळा दोन खोल्यांची, कौलारू. हेडमास्तर धोतर-टोपीतले, चष्मा नाकावर. भाऊंचा फोटो दाखवल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"हाओ, आले होते न हे. शाळा सुरू होऊन दोन-चार दिवसच झाले होते. पण त्याईचं काम काही झालं नाई."

"काम नाई झालं म्हणजे?" वैशालीने विचारलं.

"जुनं रजिस्टर त्या पेटीत आहे न. पेटीची चाबी माह्याआधीच्या मास्तरजवळ राह्यली होती, ते रिटायर होऊन मुलाकडे गेले. म्या म्हटलं, भाऊ, चाबी मागवतो, पंधरा दिवसांनी या. मागच्या हप्त्यात आली चाबी. पण ते काही आले नाई परत."

मी मध्येच बोललो. "म्हणजे त्यांनी रजिस्टर पाहिलंच नाही?"

"कसं पाह्यतील गा? म्यासुद्धा अजून पाह्यलं नाई. तुमच्यासमोरच खोलतो."

पेटी लोखंडी. कुलपाच्या भोकावर कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. ते खरवडून मास्तरांनी चावी फिरवली. आतल्या रजिस्टरला कागदी किड्यांनी कडेकडेने खाल्लं होतं, मधला भाग शाबूत. मास्तर बोट फिरवत गेले. एकशे पंच्याऐंशी. शहाऐंशी.

एकशे सत्याऐंशी. गणपत सोमा. जात ढिवर. पालक: मामा.

जे भाऊंनी जिवंतपणी पाहिलंच नव्हतं, ते त्यांनी टाइप केलं होतं. माझं चिपचं उत्तर तिथेच, त्या पेटीपुढे, मातीत गेलं. मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते एकदा माझ्याकडे, एकदा फोटोकडे बघत राहिले. म्हणाले, "मग हा नंबर त्याईले सांगतला कोणं?"

वैशालीने रजिस्टरवरून नजर उचलली नाही. आजोबांच्या नावावर तिने बोट ठेवलं होतं, उमटणारं अक्षर वाचताना ठेवायची तसंच.

"सर, तुमी त्याईले पंधरा दिवसांनी या म्हटलं होतं न," ती म्हणाली. "मग आले असतील ते."

सुमनबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या पेटीला हात लावून नमस्कार केला. मी, कधी देवळात न जाणारा माणूस, त्यांच्या मागोमाग वाकलो.

मास्तरांनी शिक्क्यानिशी उतारा दिला. कागद मुदतीच्या एक दिवस आधी पोहोचले. आज वैशाली डॉक्टर आहे, गडचिरोलीकडेच एका सरकारी दवाखान्यात. इथे लिहू का म्हणून मी तिला विचारलं तर म्हणाली, "लिहा दादा, पण कारण शोधत बसू नका." मी वीस वर्षं शोधलं. नागपूरच्या दोन इंजिनीअरांना विचारलं, एकाने मला झोपेच्या गोळ्या सुचवल्या. कारण माझ्याकडे नाही, आणि तिला ते नकोच आहे.